कठड्याचा सोफा

१९४५ साली कोपनहेगनच्या सुतार मंडळींच्या वार्षिक प्रदर्शनात एक सोफा मांडला होता. लोकांनी तो बघितला आणि ते पुढच्या वस्तूकडे वळले. त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षं त्याचं म्हणावं असं काहीच झालं नाही. आज तोच सोफा डॅनिश फर्निचरवरच्या बहुतेक पुस्तकांत असतो, आणि नवा घ्यायचा म्हटला तर क्रोनरचे रुपये करायची हिंमत होत नाही. आकडा लाखांत जातो.

मंडळी, एरवी मी या पानावर पुस्तकं, प्रवास नाहीतर पाऊस यांवर लिहितो. फर्निचरवर लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. पण गेले दोन महिने हा सोफा डोक्यातून जात नाही, त्यामुळे एकदाचं लिहून टाकतो.

आधी तो दिसतो कसा ते सांगतो. नेहमीचा सोफा म्हणजे आतली चौकट झाकलेलीच. पट्ट्या, स्प्रिंगा, त्यावर घोड्याचे केस नाहीतर काथ्या, आणि वरून ठोकून ताणलेलं कापड. लाकूड दिसलंच तर पायांपुरतं. या सोफ्यात सगळं उलटं आहे. पाठ म्हणजे उभ्या कातीव दांड्यांची एक रांग, दोन्ही बाजूंनाही तशाच दांड्या. जिन्याचा कठडा किंवा जुना लाकडी पाळणा डोळ्यांपुढे आणा. आत सुट्या गाद्या आणि उश्या. बस्स. गाद्या उचलल्या की उरतो तो नुसता सांगाडा, आणि तो कुठल्याही बाजूने बघा, पूर्ण झालेला असतो. डॅनिशमध्ये त्याला 'ट्रेमेसोफा' म्हणतात, म्हणजे दांड्यांचा सोफा. आमच्या घरात त्याचं नाव 'कठडा' पडलं आहे, ते का ते पुढे येईलच.

आणखी एक गंमत. याची एका टोकाची बाजू चामड्याच्या वादीने पाठीला बांधलेली असते. वादी सैल केली की ती बाजू बाहेर कलते, आणि बसायच्या जागेची आडवं व्हायची जागा होते. ही कल्पना मात्र नवी नव्हती. इंग्लंडात केंटमध्ये नोल नावाचा एक प्रचंड वाडा आहे. तिथे सतराव्या शतकातला एक सोफा आहे, त्याच्या बाजू अशाच दोरीने बांधलेल्या असतात आणि खाली करता येतात. दांड्याही इंग्लंडातूनच आल्या, विंडसर खुर्चीतून. बैठकीच्या फळीला भोकं पाडायची, खालून पाय ठोकायचे, वरून पाठीच्या दांड्या. गावातल्या कातारी माणसाला जमेल असं हे काम. म्हणजे एक कल्पना सरदाराच्या वाड्यातली आणि एक खेड्यातली. दोन्ही घेऊन हा सोफा झाला.

तो करणाऱ्याचं नाव बोर्गे मोगेन्सेन. (नाव मी दिसतं तसं लिहिलं आहे. डॅनिश माणसं दोन्ही शब्दांतला 'ग' जवळजवळ गिळूनच टाकतात. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी गिळलेल्या अक्षरांचा हिशेब लावत होतो.) जन्म १९१४, आल्बोर्गचा. आधी रीतसर सुतारकाम शिकला, मग कोपनहेगनला कारागिरीच्या शाळेत, आणि १९३८ पासून रॉयल अकादमीत कोर क्लिंटच्या हाताखाली. हा क्लिंट मोठा विलक्षण मास्तर होता. विद्यार्थ्यांना तो आधी मापं घ्यायला लावायचा. जुन्या चांगल्या खुर्च्यांची मापं, माणसाच्या शरीराची मापं, खणात ठेवायच्या वस्तूंची मापं. 'काहीतरी नवं सुचव' हा त्याचा आग्रह नव्हताच. जे शतकानुशतकं टिकलं ते का टिकलं ते आधी कळू दे, मग त्यातलं जास्तीचं काढ. त्या काळात बाकीचा युरोप जुनं सगळं फेकून द्यायला निघाला होता. डॅनिश फर्निचर आधुनिक असूनही परकं का वाटत नाही, याचं निम्मं उत्तर मला तरी या मास्तरात सापडतं.

मोगेन्सेनने हे मापांचं वेड पुढे टोकाला नेलं. १९५० च्या दशकात ग्रेटे मायर या वास्तुरचनाकार बाईंबरोबर त्याने कपाटांची एक मालिका केली. त्यासाठी डॅनिश घरात शर्ट किती असतात, ताटल्या किती, काटे-चमचे किती, चादरीची घडी केवढी होते, याची मोजदाद केली, आणि मग कप्प्यांची मापं ठरवली. हे वाचल्यावर मी आमच्याकडची कपाटं आठवून हसलो. आपल्याकडे कपाट आधी येतं आणि मग वस्तूंनी त्यात कसंबसं राहायचं असतं.

असो. मुद्द्याचं पुढे आहे.

१९४२ साली, म्हणजे देश जर्मनांच्या ताब्यात असताना, २८ वर्षांच्या मोगेन्सेनला एक नोकरी मिळाली. नोकरी देणारी संस्था होती एफडीबी, म्हणजे डेन्मार्कमधल्या ग्राहक सहकारी संस्थांचा संघ. आपल्याला सहकार म्हटलं की प्रवरानगर आठवतं, ऊस आठवतो. डेन्मार्कात सहकार म्हणजे दूध, लोणी आणि किराणा. पहिलं सहकारी दुकान १८६६ साली टिस्टेड गावात निघालं, एका पाद्र्याच्या पुढाकाराने, गावातल्या गरीब कामगारांना वाजवी भावात चांगला माल मिळावा म्हणून. १८९६ मध्ये अशा दुकानांचा संघ झाला. कॉफी, साबण, पीठ हे सगळं स्वतः बनवून स्वतःच्या दुकानांत विकायचं. १९४० च्या सुमारास या लोकांच्या मनात आलं की चांगली कॉफी देतो, तशी चांगली खुर्ची का देऊ नये?

मला ही कल्पना अजूनही भारी वाटते. फर्निचर हा तोवर एकतर श्रीमंताने उत्तम सुताराकडून करून घ्यायचा प्रकार होता, नाहीतर गरिबाने श्रीमंताची स्वस्त नक्कल घ्यायचा. त्या काळच्या साध्या डॅनिश घरात दोन खोल्या असल्या तरी एक पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असे. तिथे जाडजूड, झालरवाला, मखमलीचा सोफासेट. कुटुंब मात्र दुसऱ्या खोलीत दाटीवाटीने राहायचं. एफडीबीचं म्हणणं होतं, ती बंद खोली उघडा, तिथे राहा. त्यासाठी हलकं, सुटं, उचलून हलवता येईल असं सामान आम्ही देतो. १९४४ मध्ये त्यांनी कोपनहेगनमध्ये फर्निचरचं दुकान काढलं. १९४७ साली मोगेन्सेनची 'जे-३९' ही खुर्ची आली. साधे गोल पाय, रुंद आडवी पाठ, बैठक कागदाच्या सुतळीने विणलेली. डॅनिश लोक तिला 'लोकांची खुर्ची' म्हणतात, आणि खरोखर ती वाचनालयात, चर्चमध्ये, शाळेत, कुणाच्याही स्वयंपाकघरात दिसते. पहिल्या हिवाळ्यात मी रोज तिच्यावर बसून जेवत होतो. तिला नाव आहे हे मला तीन वर्षांनी कळलं.

सोफा याच वर्षांतला. बाहेरून लाकूड नाही, लोकर नाही, कापूस नाही. स्प्रिंगा आणि घोड्याचे केस भरून जाडजूड सोफे करायचे तरी कशाचे? टंचाई केवढी होती त्याची एक गोष्ट आहे. १९४४ मध्ये मोगेन्सेनच्या मुलाच्या, पीटरच्या बारशाला त्याचा मित्र हान्स वेग्नर याला बाजारात देण्यासारखं काही मिळेना, तेव्हा त्याने स्वतःच एक छोटी खुर्ची करून नेली. स्क्रू नाही, खिळा नाही, सुटे भाग एकमेकांत अडकवायचे. 'पीटरची खुर्ची' म्हणून ती पुढे प्रसिद्ध झाली. वेग्नरसुद्धा तेव्हा पुढे जगप्रसिद्ध व्हायचा होता.

तर अशा काळात, युद्ध नुकतंच संपलेलं असताना, हा सोफा लोकांपुढे आला. आणि पडला.

का पडला असेल, यावर मी बराच विचार केला. एक तर पाच वर्षं काटकसर केलेल्या माणसाला पुन्हा काटकसरच दाखवली की कसं वाटेल? त्याला गुबगुबीत काहीतरी हवं असणार. दुसरं म्हणजे सोफा ही बसण्यापुरती वस्तू नव्हती. आमचं बरं चाललंय, हे पाहुण्याला न बोलता सांगणारी ती वस्तू होती. कठडा हे काम कसं करणार?

आणि हा प्रश्न एका सोफ्यापुरता नव्हता, एफडीबीच्या सगळ्या फर्निचरचा होता. ज्या कामगार कुटुंबांसाठी ते मनात धरलं होतं त्यांच्यापैकी बरेचजण मखमलीच्या सोफासेटसाठीच पैसे साठवत राहिले. साधं, हलकं फर्निचर हौसेने घेतलं ते शिक्षकांनी, वास्तुरचनाकारांनी, शिकलेल्या तरुण जोडप्यांनी. साधेपणा कळण्यासाठी आधी साधेपणाची सक्ती सुटावी लागते की काय, कोण जाणे. कामगाराला अक्कल नव्हती असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत. त्याच्या दृष्टीने बघा ना. आयुष्यभर लाकडी बाकावर बसलेल्या माणसाला तुम्ही सांगणार की लाकूड किती सुंदर दिसतं बघा!

मोगेन्सेनने १९५० मध्ये एफडीबी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. लोकांना परवडावं हा हट्ट त्याने सोडला नाही, पण आता मधे कारखानदार आले. १९६३ साली फ्रिट्झ हान्सन या कारखान्याने जुना दांड्यांचा सोफा पुन्हा काढला, आणि या खेपेला तो चालला. अगदी दणक्यात चालला.

सोफा तोच होता. बदललं होतं ते घर. १९६० च्या दशकात डेन्मार्कात सुबत्ता आली, शहरांबाहेर बैठी, बागेची, मोठमोठ्या काचांची घरं लाखोंनी उभी राहिली. राखून ठेवलेली खोली गेली आणि एकच मोठी, मोकळी, उजेडाची बसायची जागा आली. तिथे सोफा भिंतीला टेकवायची गरज उरली नाही, तो खोलीच्या मधोमध आला. आता नेहमीच्या सोफ्याची पाठ मागून कशी दिसते ते आठवा. खिळ्यांची रांग आणि खाकी कापड. हा सोफा मात्र मागूनही बघण्यासारखा, आणि दांड्यांमधून उजेड पलीकडे जातो, त्यामुळे खोली अडत नाही. हा माझा तर्क आहे, पण १९६० च्या दशकातलं असं एखादं घर आतून बघितलं की पटतो.

सध्या तो फ्रेडेरिसिया ही कंपनी बनवते, ओकच्या लाकडात. ओकवरून एक अवांतर. १८०७ साली इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या आणि डॅनिश आरमार उचलून नेलं. त्यानंतर नवी जहाजं बांधायची म्हणून सरकारने ओकची झाडं लावली. ओकला जहाजाजोगतं व्हायला दीडदोनशे वर्षं लागतात. तोवर जहाजं लोखंडाची झाली होती. तेव्हा आरमारासाठी म्हणून लावलेलं झाड फर्निचरवाल्याकडे जातं, आणि कामगारासाठी म्हणून केलेला सोफा वकिलाकडे. डेन्मार्कच्या नशिबात हे असंच दिसतं.

माझ्याकडचा सोफा ओकचा नाही, बीचचा आहे, १९६० च्या दशकातला. निवृत्त होऊन वारलेल्या एका शिक्षिकेच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात मिळाला. (शिक्षिका! वर म्हटलं ना.) गाद्यांच्या जागी चुरा झालेला स्पंज होता आणि कापडाचा मूळ रंग ओळखता येत नव्हता, म्हणून झेपेल अशा किमतीत आला. लाकडाला इथे पॉलिश करत नाहीत, साबण लावतात. साबणाचा चुरा गरम पाण्यात कालवायचा, फडक्याने लाकडावर चोळायचा, जास्तीचा पुसून घ्यायचा, वाळू द्यायचा. असं चारपाचदा. लाकूड पिवळं न पडता फिकट राहतं आणि हाताला धुतलेल्या सुती कापडासारखं लागतं. दोन शनिवार त्यात गेले.

नेमकी तेव्हाच आई आली होती, तीन महिन्यांसाठी. तिने सोफा बघितला आणि विचारलं, "सागवानी आहे का?" नाही म्हटल्यावर निम्मा रस संपला. मग म्हणाली, "अरे, पण टेकायचं कशाला? हा तर कठडा आहे." तेव्हापासून कठडा. पण दोन दिवसांनी तिनेच एक गोष्ट सांगितली, जी मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हती. "हे म्हणजे आपली बैठकच की," ती म्हणाली. "लाकूड लाकडाच्या जागी, गादी गादीच्या जागी. खोळ मळली की धुवायची, कापूस बसला की पिंजाऱ्याला बोलवायचं." आजोबांच्या घरी गाद्या, लोड, तक्के आणि दर दिवाळीला धुतलेले पांढरे अभ्रे होते. १९७८ मध्ये ती बैठक काढून फोमचा सोफासेट आणला. आणला तो आईनेच, हौसेने, पगारातले पैसे साठवून. त्याच्यावर विणलेली आच्छादनं होती आणि मुलांनी त्यावर बसायचं नाही असा नियम होता. मी तिला एफडीबीची, बंद खोलीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्या बायकांचं बरोबरच होतं. खाली बसून आमचे गुडघे गेले होते. पाहुण्याला खुर्ची द्यावीशी वाटते माणसाला." कामगारांबद्दल वर जे लिहिलं आहे ते या वाक्यानंतर सुचलेलं आहे, हे सांगून टाकतो.

आता प्रश्न कापडाचा. आणि इथे मोगेन्सेनच्या कामातली जरा मागे राहिलेली एक व्यक्ती येते, लिस आल्मान. जन्म १८९४, म्हणजे त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी. सुरुवातीला मातीच्या भांड्यांवर रंगकाम करायची, मग विणकाम शिकली, १९३३ मध्ये स्वतःचा माग घातला. आधी क्लिंटच्या खुर्च्यांसाठी कापड विणलं, नंतर मोगेन्सेनच्या. तिचे रंग म्हणजे मेंढीचेच रंग. करडा, तपकिरी, मळकट पांढरा, आणि त्यात कधीतरी एखादी निळी रेघ. नक्षी नाही. पट्टे आणि चौकडे, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना आपोआप जमतं तेवढंच. १९५३ पासून दोघं मिळून एका कापड कंपनीसाठी काम करू लागली, आणि साठीला आलेल्या या बाईने हातमागावरची आपली समज यंत्रमागावर नेली. आपल्याकडे हातमाग आणि यंत्रमाग म्हणजे एकाने दुसऱ्याचा गळा धरलेला. तिने मात्र यंत्राला जमेल असंच कापड बेतलं, दोरे कसे बसतात ते बघून. लोकांना परवडायचं तर तोच रस्ता होता. मोगेन्सेनचा साधेपणा कोरडा वाटत नाही, त्याचं मोठं श्रेय मला या कापडाला द्यावंसं वाटतं. दांड्यांचा सांगाडा सगळ्यांचा सारखाच. त्यावर काय पसरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. १९४५ च्या ग्राहकाला जर रंगीत, ऊबदार कापडाचे चारपाच पर्याय देता आले असते, तर कदाचित तो कठड्यापाशी जरा जास्त वेळ थांबला असता. पण १९४५ मध्ये कापड होतं कुठे?

माझ्यापुढे तीन नमुने आहेत. पहिलं 'हालिंगडाल', नाना डिट्झेलने १९६५ मध्ये केलेलं, लोकर आणि व्हिस्कोजचं. रंग पन्नासच्या वर, आणि टिकाऊ इतकं की इथे आगगाड्यांत आणि दवाखान्यांतही वापरलं गेलंय. मुलं लहान असलेल्यांनी डोळे मिटून घ्यावं असं. दुसरं चामडं. मोगेन्सेनचं स्वतःचं चामड्यावर प्रेम होतं. १९६२ मध्ये स्वतःच्या घरासाठी म्हणून केलेला त्याचा दुसरा प्रसिद्ध सोफा चामड्याचाच आहे, आणि तो पुढे डॅनिश मंत्रालयांत आणि वकिलातींत जाऊन बसला. जुनं होत जाईल तसं देखणं होतं म्हणतात. पण दांड्यांवर चामडं मला जड वाटतं, आणि खोळ काढून धुवायचा प्रश्नच मिटतो. तिसरं साधं लोकरीचं, करड्यावर निळा चौकडा, आल्मानच्या वळणाचं.

ज्या कारागिराकडे गाद्या शिवायला टाकायच्या आहेत त्याने सांगितलेला आकडा सोफ्याच्या किमतीहून मोठा आहे. इथे हाताच्या कामाला खरी मजुरी द्यावी लागते. एफडीबीवाल्यांना तेच तर हवं होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

आई परत गेली. जाण्याआधी पंधरा दिवस दुपारी ती बाजूची वादी सैल करायची, माझी जुनी रजई चौघडी करून टाकायची आणि तासभर झोपायची. कापडाचा तिचा कौल निळ्या चौकड्याला आहे, "मळलेलं दिसत नाही" म्हणून. बायकोचा हालिंगडालच्या मोहरीसारख्या पिवळ्याला. निर्णय या महिनाअखेरीपर्यंत द्यायचा आहे. घरातल्यांनी आणि इतरांनीही आपापली मतं कळवावीत. चामड्याच्या बाजूने कुणी असेल तर जरा सविस्तर लिहा.